गोऱ्या म्हाताऱ्यासाठी पट्टी

पेडगावात इंग्रजी येणारा माणूस म्हणून माझं नाव आहे, आणि या नावानं मला आयुष्यभर नाडलं आहे. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झालो तरी औषधाच्या बाटलीपासून बँकेच्या मेसेजपर्यंत गावाचं सगळं इंग्रजी माझ्याच ओट्यावर येऊन पडतं. आमची सुमंगला म्हणते, अहो, तुमचा ओटा म्हणजे बिनपगारी हापिस झालंय. तिचं खरं आहे. पण विलायतेतल्या एका म्हाताऱ्यासाठी घरोघर लोकर मागत फिरायची वेळ या इंग्रजीनं माझ्यावर आणली, ते सांगितल्याशिवाय माझा जीव थंड व्हायचा नाही.

केवळाबाई ही आमच्या गावची नव्वदीची धनगर बाई. तिचा नवरा येडबा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होता, ब्रह्मदेशात खेचरं सांभाळायचा. लढाई संपली आणि त्याला घरी पाठवून दिलं. नोकरीची वर्षं पुरी भरली नव्हती, म्हणून पेन्शन नाही. तो जाऊनही आता पंचवीस वर्षं झाली. अशा बिनपेन्शनी जुन्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना विलायतेतली एक संस्था मदत करते. तिकडं लोक वर्गणी काढतात आणि इकडं दर तीन महिन्यांनी केवळाबाईच्या खात्यावर पैसे पडतात. फार नसतात, पण पीठ, चहापत्ती आणि बीपीच्या गोळ्या भागतात. ती राहते नातवाच्या, मल्हारच्या घरात, पण तिची चूल वेगळी. नातसून शीला स्वभावानं वाईट नाही. तरी कुणाचं तोंड न बघता आपली भाकरी आपण थापून खायची, एवढीच त्या बाईची श्रीमंती आहे.

हे पैसे चालू राहायचे तर वर्षाकाठी एक कागद भरून पाठवावा लागतो. बाई जिवंत आहे असा त्यावर तिचा अंगठा आणि शेजारी माझी सही. कागद एकतीस डिसेंबरच्या आत पुण्याला पोचला पाहिजे, नाहीतर पैसे बंद. कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, परदेशात राहणारी आमची सैनिक कुटुंबं. पहिल्या वर्षी मी ते वाचून दाखवलं तेव्हा बाईनं विचारलं होतं, परदेशात कोण राहतंय? मी म्हणालो, तुम्हीच की मावशी. ती म्हणाली, मी तर पालमच्या पलीकडं कधी गेले न्हाई.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात कागद आला तो एका गुळगुळीत छापील पत्रकासोबत. पत्रकावर एका गोऱ्या म्हाताऱ्याचा पानभर फोटो होता. नाव विल्फ्रेड, वय चौऱ्याऐंशी, माजी सैनिक. संस्थेच्या मदतीसाठी तो तेरा मैल पळाला होता. अंगात गंजीफ्रॉक, खाली आखूड चड्डी, पाय काड्यांसारखे, छातीवर कागदाचा नंबर टाचलेला, आणि खांद्यावर चकाकणारी पन्नी गुंडाळलेली. शर्यत संपल्यावर अंग गार पडू नये म्हणून तिकडं अशी पन्नी देतात, हे मला टीव्हीमुळं माहीत होतं. केवळाबाईच्या घरी टीव्ही आहे, पण त्यावर पळणारे म्हातारे दाखवत नाहीत.

तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग विचारलं की ह्याला पन्नीत कशापायी बांधलंय. थंडी वाजू नये म्हणून, मी म्हणालो. तिनं विचारलं, तिथं थंडी असती का? मी म्हणालो, बर्फ पडतो. बस. तिथंच माझं चुकलं.

धनगराच्या घरात घोंगडं नसलेला माणूस म्हणजे ज्याचं या जगात कुणी उरलं नाही असा माणूस. बाळ जन्मलं की घोंगडं, लग्नात बसायला घोंगडं, देवापुढं घोंगडं, मेल्यावर अंगावर तेच. त्या बाईनं डोळ्यांनी काय पाहिलं, तर बर्फाच्या मुलखातला एक म्हातारा, त्याला उघड्या मांड्यांनी पळवलंय, मेंढरावर खूण करावी तसा नंबर मारलाय, आणि पळून आल्यावर पांघरायला बिस्किटाच्या पुड्याची पन्नी दिलीय.

मी समजावलं. म्हणालो, मावशी, त्याला कुणी पळवलं नाही. तो मनानं पळाला. तो जितके मैल पळतो तितके पैसे लोक संस्थेला देतात आणि तेच पैसे तुम्हाला येतात. हे ऐकून तिचा चेहरा आणखीच उतरला. तिनं विचारलं, पळून तो गेला कुठं? मी पत्रक वाचलं आणि प्रामाणिकपणानं सांगितलं की जिथून निघाला होता तिथंच परत आला. मग गेला कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न. मी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं, तेवढंच त्यात छापलेलं नव्हतं.

तिनं शाईची डबी बाजूला सारली.

"मास्तर, म्हाताऱ्या माणसाला पळवून मी भाकर खाऊ का? न्हाई देत मी अंगठा."

मी तीनदा तिच्या घरी गेलो. पहिल्यांदा मवाळपणानं, दुसऱ्यांदा चिडून, तिसऱ्यांदा मल्हारला सोबत घेऊन. मल्हार पन्नाशीला आलेला, मेंढरांमागं दिवसभर हिंडणारा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, आये, त्यो पळणारच हाय, तू घे नायतर नको घेऊ. ती म्हणाली, मग पळू दे, पण माझ्या नावावर नको. शीलानं बिचारीनं आमच्या घरात जेवा म्हटलं, ते तर आगीत तेल झालं. बाईनं गोळ्या घेणंच सोडलं, कारण त्या गोळ्याही म्हाताऱ्याच्या पळण्याच्याच होत्या. डिसेंबर लागला. तिचे पाय सुजायला लागले. आता मला राग कमी आणि भीती जास्त वाटू लागली. हट्टी माणूस हट्टानं मरतो आणि साक्षीला मास्तर सही करतो, असं व्हायला नको होतं.

शेवटी मीच हरलो. म्हटलं, मावशी, अंगठा कशानं द्याल ते सांगा. तिचं उत्तर तयार होतं. त्या म्हाताऱ्याला एक घोंगडं पाठवायचं. तिच्या एकटीचं नाही, अख्ख्या गावाचं, म्हणजे त्याला भीक वाटणार नाही. घोंगडं टपालात पडलं की अंगठा.

म्हणजे पट्टी. गावात मंदिराला रंग द्यायचा असो की कुस्त्या भरवायच्या असोत, पट्टी गोळा होते. पण विलायतेसाठी पट्टी काढायची ही पहिलीच वेळ. बातमी दत्तरावांच्या कानावर गेली. दत्तराव म्हणजे कोणत्याही कारणाचा फ्लेक्स लावणारे गृहस्थ. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फाट्यावर फ्लेक्स लावला. त्यावर 'निराधार इंग्रज माजी सैनिकास पेडगावकरांचा मदतीचा हात' असं लिहिलं होतं. विल्फ्रेडचा फोटो पासपोर्ट आकाराचा आणि दत्तरावांचा छातीपर्यंत. खाली बाकीच्या चौदा जणांचे चेहरे, त्यात मीही, माझ्या परवानगीशिवाय.

दत्तरावांचा आग्रह होता की विलायतेच्या रीतीनं करू. कुणीतरी पळायचं आणि लोकांनी कोसामागं पैसे द्यायचे. मल्हारला विचारलं. तो म्हणाला, मी रोज मेंढरांमागं सात-आठ कोस हिंडायलोच की, मोजा कवापासून मोजायचं ते. लोकांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि पळण्याचा विषय तिथंच मिटला.

मग घरोघर लोकर. माझ्या हातात वही, मल्हारच्या खांद्यावर पोतं. धनगरांच्या घरी कुणी ओंजळभर काळी दिली, कुणी पांढरी. एका म्हातारीनं विचारलं, त्याला सुना कशा हायत? मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, म्हंजी वाईट असतील, आणि आणखी एक ओंजळ घातली. ज्यांच्याकडं मेंढरं नाहीत त्यांनी टपालखर्चाला पैसे दिले. केवळाबाईच्या शेजारच्या एकानं तर स्पष्ट विचारलं, दीडशे वर्षं ते आपल्यावर राज्य करून गेले, मग आता त्यांना घोंगडं आपण का द्यायचं? त्याला केवळाबाईनं दारातूनच सांगितलं की राज्य करणारे वेगळे असतात आणि थंडीत पळणारे वेगळे. त्यानं वीस रुपये दिले.

सूत केवळाबाईनं स्वतः काढलं, सुजलेल्या पायांनी दारात बसून. पालमच्या एका म्हाताऱ्या सणगरानं मागावर विणलं, वर चिंचोक्याची खळ दिली. घोंगडं असं ताठ झालं की भिंतीला टेकवलं तर उभं राहील. पत्रकातला संस्थेचा पत्ता घालून, केवळाबाईला सोबत घेऊन मी परभणी गाठली. पोस्टात खिडकीतल्या बाईनं विचारलं, आत काय, किंमत किती, पाठवणाऱ्याचं नातं काय. आत घोंगडं हे लिहिलं. किंमत केवळाबाईनं लिहू दिली नाही, तर पोस्टानं शंभर रुपये ठरवली. नात्याशी मी अडलो. केवळाबाई म्हणाली, फौजेतला हाय, भावकीतलाच धरा. मी इंग्रजीत नातेवाईक असं लिहिलं. एवढ्या वर्षांच्या इंग्रजीत मी लिहिलेली ही सगळ्यात मोठी थाप, आणि मला तिची लाज वाटली नाही.

पावती हातात पडताच तिनं तिथंच पोस्टाच्या बाकावर बसून कागदावर अंगठा उठवला. कागद मुदतीच्या दोन दिवस आधी पुण्याला पोचला. पायाची सूज उतरली, चूल पेटली, मी सुटलो असं मला वाटलं.

एप्रिलात उत्तर आलं. विल्फ्रेडचं स्वतःच्या अक्षरातलं पत्र आणि एक फोटो. मी आधी घरी वाचलं असतं तर काहीतरी जोडून सांगितलं असतं. पण मास्तरकीची खोड, बाईच्या दारात बसून ओळीमागून ओळ मोठ्यानं वाचत गेलो. त्यानं लिहिलं होतं की घोंगडं पाहून त्याला रडू आलं. आयुष्यात इतकी सुंदर वस्तू त्याला कुणी दिली नव्हती. म्हणून त्यानं ते संस्थेच्या वार्षिक जेवणाला लिलावात ठेवलं. एका बाईनं ते भिंतीवर टांगायला घेतलं आणि त्याला एवढी किंमत आली की केवळाबाईंची मदत या वर्षीपासून दुप्पट होणार आहे. तो स्वतः उन्हाळ्यात पुन्हा पळणार होता, या वेळी तिच्या नावानं.

मी थांबलो. मला वाटलं आता बाई माझ्यावर, संस्थेवर, विलायतेवर तोंड टाकणार. तिनं फोटो मागितला. फोटोत विल्फ्रेड घोंगड्याशेजारी उभा होता, एक हात त्यावर ठेवलेला, तोंडभर हसत. मी म्हणालो, बघा मावशी, किती खूश आहे.

तिनं मान हलवली.

"बाहात्तर साली घरात दाणा नव्हता. येडबानं फौजेतून आणलेलं कांबळं बाजारात नेऊन विकलं. जवारी घिऊन घरला आला तवा असाच हसायला व्हता. म्हनला, लय चांगला भाव आला."

मल्हार दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली. त्याला ही गोष्ट माहीत नव्हती, मलाही नव्हती. पन्नास वर्षं तिनं ती कुणाला सांगितली नसावी. मला माझ्या इंग्रजीची लाज वाटली. त्या पत्रातलं मला सगळं कळलं होतं आणि तिला वाचता न येता माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. ते चुकीचं कळलं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

मग ती म्हणाली, वाढीव पैसे येऊ द्या. त्यांची लोकर आणा. दुसरं घोंगडं करायचं, आणि या वेळी त्याच्या काठात म्हाताऱ्याचं नाव विणायचं, इंग्रजीतच, तिकडच्यांना वाचता यावं म्हणून. दुसऱ्याचं नाव असलेलं पांघरूण कोण विकत घेतंय? म्हणजे त्याला ते विकताच येणार नाही.

नाव विणलेलं घोंगडं तिकडच्या लिलावात तिप्पट भावानं जाईल, हे मला त्याच क्षणी कळलं. मी ते बोललो नाही. सणगराला नमुना म्हणून कागदावर विल्फ्रेडचं नाव ठसठशीत अक्षरांत काढून दिलं. मग घोंगड्याबरोबर पाठवायचं पत्र लिहायला बसलो. एरवी मी पत्र लिहितो तेव्हा शब्दकोश शेजारी असतो. या वेळी दोनच ओळी लिहिल्या, सातवीच्या पोराला येतील अशा. हे विकू नका, पांघरा. तुम्ही का हसत होता, ते तिला माहीत आहे.