मशीनचा पट्टा

फौजीनं बायकोच्या शिलाई मशीनचा पट्टा काढून खिशात घातला आणि तो कामावर निघून गेला. शाळा उघडायची वेळ तोंडावर आलेली, गणवेशांचा ढीग कमरेइतका, आणि मशीन मुकं.

"लढाईनं केलंय गं त्याचं असं," सासूबाई म्हणाल्या. "टकटक सोसत नाही त्याला. सांभाळून घे."

तिनं काय कमी सांभाळलं होतं? मशीनखाली जुनी गादी घातली, उकाड्यात दार लावून शिवलं, तो घरात असला की हातशिलाईच केली. नवऱ्याचा राग आला की तो लढाईवर काढायचा, अशी सवयच लावून घेतली होती बिचारीनं.

ती तरातरा त्याच्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. आत ग्राइंडर किंचाळत होता, ठिणग्या उडत होत्या, आणि तोच ग्राइंडर हातात धरून फौजी चक्क गाणं म्हणत होता!

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "हा आवाज बरा सोसतो?"

"हा माझ्या हातातला आहे."

"आणि माझ्या हातातला?"

"घरात मी म्हणेन तसं."

"लग्नाच्या बैठकीतही हेच म्हणाला होतात. तेव्हा कुठली लढाई झाली होती हो?"

तेवढ्यात मागे कुणाच्या तरी हातून पत्र्यांची चळत कोसळली. क्षणात फौजी टेबलाखाली. डोकं गुडघ्यांत, अंग लटलट कापतंय. बाकीचे कारागीर भिंतीकडे बघू लागले. ती जमिनीवर बसून सरकत त्याच्याजवळ गेली, समोरून, त्याला दिसेल अशी.

"मी आहे. पत्रा पडला. नुसता पत्रा."

त्यानं तिचं मनगट असं आवळलं की वळ उठले. श्वास ताळ्यावर आला, तसा म्हणाला, "तरी मशीन चालणार नाही."

तिला हसूच फुटलं, कडूजहर.

"हे टेबलाखालचं लढाईचं. ते मी जन्मभर निस्तरेन. पण खिशातला पट्टा तुमचा स्वतःचा. त्याचं खापर लढाईत गेलेल्या सोबत्यांवर फोडू नका. मी आत्ता नवा आणतेय. त्याला हात लावलात, तर मशीन उचलून बहिणीकडे जाईन."

"जा की! कोण अडवतंय?"

बिजागऱ्या निखळतील असं दार आपटायला तिचे हात शिवशिवत होते. पण मेल्याच्या कानांचा विचार मध्येच आडवा आला. तिनं दार हळूच ओढून घेतलं, आणि दुकानापर्यंत स्वतःवरच दातओठ खात गेली.