सेलखडीचा बर्फ

"ब्रेक सोड! अरे, सोड म्हणतो न ब्रेक!"

मुरलीधरचं वाक्य पुरं व्हायच्या आत लाल गाडीने स्वतःभोवती दीड गिरकी घेतली आणि पांढऱ्या ढिगात मागचं अंग खुपसून ती बंद पडली. गिरणीच्या पडवीत विड्या ओढत बसलेल्या मजुरांनी टाळ्या पिटल्या.

"वा भैया, वा! एक बार और!"

स्टिअरिंगवर बसलेल्या बंडूने त्यांना हात उंचावून सलाम केला. शेजारच्या सीटवर मुरलीधर दातओठ खात होता.

"सात," कुंपणाच्या भिंतीवर बसलेली कुंदा म्हणाली. गिरक्या मोजायचं काम तिने सकाळपासून आपणहून अंगावर घेतलं होतं.

"तू गप बस," मुरलीधर लेकीवर खेकसला आणि मेव्हण्याकडे वळला. "काहून दाबला ब्रेक?"

"मी नाही दाबला, जिजाजी. नऊ वर्षांची सवय आहे पायाला. सामने कुछ आया, की तो आपोआप जाते."

"तोच पाय तुला खाईत नेईन."

"अन् ही गाडी आहे का पोळपाट? बसलं की रस्ता ढुंगणाला लागते. माझा ट्रक हिच्यावरून गेला तरी मला कळणार नाही. हिच्यात काय शिकू मी?"

मुरलीधर खाली उतरला आणि फावड्याने चाकांमागची भुकटी उपसू लागला.

भेडाघाटच्या वाटेवर सेलखडी दळायची ती गिरणी होती. कॅरमबोर्डावर टाकतात तसली पांढरी, गुळगुळीत भुकटी. दळताना वाया गेलेली मागच्या आवारात वर्षानुवर्षं पसरली जात होती. मुरलीधरने पहाटे तिच्यावर पाणी मारलं होतं. ओल्या सेलखडीवर माणूससुद्धा धड उभा राहत नव्हता. जबलपूरमध्ये बर्फाच्या जवळ जाणारी एवढी एकच जागा आहे, हे त्याने फार पूर्वी हेरून ठेवलं होतं. उपयोग मात्र आज पहिल्यांदा झाला होता.

गाडी मेजर दस्तूर यांची. दोन माणसांची, कापडी टपाची, लांब नाकाची. मेजर पहाडातल्या एका छावणीत होते तेव्हा त्यांनी जबलपूरहून मुरलीधरला ड्रायव्हर म्हणून बरोबर नेलं होतं. बाकीचे अधिकारी हिवाळ्यात जीपने फिरत. मेजरना ते मान्य नव्हतं. गाडी घेतली ती गॅरेजमध्ये झाकून ठेवायला नाही, असं त्यांचं म्हणणं. इंजिनाचं सगळं वजन पुढे, ढकलणारी चाकं मागे, आणि मागचं अंग पिसासारखं हलकं. पहिल्या हिवाळ्यात ती गाडी नऊ वेळा खेचरं लावून ओढून काढावी लागली. दुसऱ्या हिवाळ्यात दोनदा. तिसऱ्यात एकदाही नाही. त्या तीन हिवाळ्यांत मुरलीधरने जे कमावलं, त्याचा पुढे अकरा वर्षांत कुणाला म्हणून उपयोग झाला नाही. तो परत आला, कारखान्यात फिटर म्हणून लागला. मेजर वारले. मेमसाहेबांना गाडी विकवेना, म्हणून तो दर रविवारी सिव्हिल लाइन्समध्ये जाऊन ती चालू करून ठेवायचा. घमापूरच्या चहाच्या टपरीवर त्याला 'बर्फवाले' म्हणत. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन असलं, की हमखास म्हणत.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. लढाई जुंपली आणि सरकारने खाजगी ट्रक ड्रायव्हरांसकट ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मुरलीधर अर्ज घेऊन नोंदणीच्या जागी गेला. पहाडात जाणाऱ्या ड्रायव्हरांना आपण बर्फात चालवायचं शिकवू, एवढंच त्यात लिहिलं होतं.

"ट्रक चलाया है कभी?" टेबलामागच्या माणसाने विचारलं.

"नहीं साहब. लेकिन बर्फ में तीन जाड़े..."

"तो चलाया क्या?"

"टू-सीटर. स्पोर्ट्स."

सगळी खोली हसली. "बड़े शौकीन आदमी हो," म्हणत त्या माणसाने अर्ज परत केला. ट्रकचीही ढकलणारी चाकं मागेच असतात, साहेब, आणि रिकामा ट्रक उतारावर तसाच शेपूट फिरवतो, हे मुरलीधरने सांगायला तोंड उघडलं, तोवर मागच्या माणसाने त्याला बाजूला सारलं होतं.

पुढच्याच आठवड्यात बंडूचं नाव निघालं. बंडू त्याच्या बायकोचा, अंजनीचा, धाकटा भाऊ. मंगळवारी निघायचं होतं. अंजनीने नवऱ्याला फार काही सांगितलं नाही. "जे येतं तुम्हाला, ते त्याला द्या," एवढंच म्हणाली. हातात होता हा एक रविवार, आणि दुपारी दोनपासून कारखान्याची पाळी.

"चलो, झालं आता," बंडू अंग झटकत म्हणाला. त्याच्या मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या. "समजलं मला. शेपूट फिरलं की ब्रेक नाही मारायचा."

"समजलं तर करून दाखव."

"तिथं करीन न. इथं ही माणसं हसून राहिली."

मुरलीधरच्या डोक्यात काहीतरी सणकलं. त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि त्या पांढऱ्या चिखलात उताणा पडून तो गाडीखाली सरकला. बंडू वाकून बघू लागला.

"काय करून राहिले जिजाजी?"

खालून पान्याचा आवाज आला. मग मुरलीधर बाहेर आला. तळहातावर ब्रेकच्या दांडीची पिन होती. ती त्याने खिशात टाकली.

"दाब आता ब्रेक. कितीही दाब."

बंडूने पायडल दाबलं. ते लुळ्या हातासारखं खाली गेलं आणि तसंच राहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा गेलं.

"पागल झाले का तुम्ही? समोर भिंत आहे!"

"आहे. कुंदे, उतर तिथून."

कुंदा उडी मारून पडवीकडे पळाली. मुरलीधरने गाडीच्या डिकीत आणून टाकलेली रेतीची दोन पोती नीट मागच्या चाकांच्या वर सरकवली आणि पुन्हा शेजारच्या सीटवर येऊन बसला. "दुसऱ्या गिअरवर उचल. हळू. अंडं ठेवलं आहे असं समज ॲक्सिलरेटरखाली. हं. आता फिरव."

गाडी घसरली. बंडूचा पाय रिकाम्या पायडलवर आपटला, पुन्हा आपटला.

"तिकडे काही नाही आहे, बंडू! पाय वर घे. शेपूट उजवीकडे चाललं न? मग उजवीकडेच फिरव. जिकडे ते, तिकडे तू!"

भिंत अंगावर आली आणि बाजूने निघून गेली. पडवीत आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. तिसऱ्या फेरीला गाडीचं मागचं अंग निघालं आणि बंडूच्या हातांनी ते आपणहून गाठलं. चौथ्या, पाचव्या फेरीलाही. एकदा तर गाडी लांबलचक तिरकी घसरत जाऊन अलगद सरळ झाली.

"आलं?" मुरलीधरने विचारलं.

"भूक लागली," बंडू म्हणाला.

एवढंच. आलं की नाही, पटलं की नाही, काही पत्ता लागू न देता तो कुंदाने आणलेल्या डब्याकडे गेला आणि मजुरांबरोबर हसायला लागला. मुरलीधर पिन परत बसवायला गाडीखाली गेला. खाली पडल्यापडल्या त्याने मनाशी उजळणी केली. दुसरा गिअर. ब्रेक नाही. वजन मागच्या चाकांवर. उतारावर चाकांना साखळ्या. सगळं सांगून झालं होतं. तरी चैन पडत नव्हतं.

मंगळवारी बडा फुहाऱ्याच्या चौकातून ट्रकची रांग निघाली तेव्हा तो पाळीवरून अर्ध्या तासाची सुट्टी मागून आला होता. "बंडू, तेरा बर्फवाला आया!" कुणीतरी ओरडलं. मुरलीधर ट्रकच्या कडेने चालत राहिला, मग पळू लागला.

"उतरताना ट्रक रिकामा असला तर रेती भर! रेती!"

इंजिनांच्या गोंगाटात बंडूने कानाला हात लावला, मान हलवली आणि हसून हात केला. त्याने ऐकलं की नुसता निरोप घेतला, ते मुरलीधरला कळलं नाही. चौथ्या दिवशी लढाई थांबल्याची बातमी आली. गल्लीत पेढे वाटले गेले. बर्फाला कुणी कळवलं नव्हतं. ट्रक वर जातच राहिले.

बंडू आला तो मार्चच्या शेवटी. दारात उभा राहिला तेव्हा उजवा हात कोटाच्या खिशात होता. अंजनीने पाणी दिलं, ते त्याने डाव्या हाताने घेतलं.

"जिजाजी, तुमचं सगळं खरं निघालं," तो बसताबसता म्हणाला. "रेशन टाकून खाली येत होतो. उतार, अन् वरून काच झालेला रस्ता. पुढचा ट्रक माझ्या डोळ्यांदेखत खाईत गेला. ब्रेक मारला त्यानं. माझाबी पाय उचलला होता. पण मला वाटलं, पिन काढलेली आहे. दाबून उपयोग नाही. अन् घेतला वर."

"रेती?"

"होती न. पंधरा पोती. लोक हसले, म्हणे, रेती कोण वापस नेते? आमच्या रांगेतले चार ट्रक गेले. माझा नाही गेला."

अकरा वर्षं मुरलीधर या वाक्याची वाट बघत होता. त्याने अंजनीकडे पाहिलं. ती मात्र भावाच्या खिशाकडे बघत होती.

"हात काढ, बंडू," ती म्हणाली.

त्याने काढला. अंगठा होता, करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती.

"साखळ्या," बंडू म्हणाला. "पहाटे उठून चाकांना लावायच्या. ओल्या हातानं लोखंड धरलं, ते चिकटलं. ओढलं तर चामडी निघाली. मग बोटं काळी पडली. डॉक्टर म्हणाला, काढावी लागतील." तो थांबला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, खरोखरचं कुतूहल होतं. "जिजाजी, तुम्हीबी तर रोज लावायचे न साखळ्या? तुम्हाला कसं काही झालं नाही?"

मुरलीधरने स्वतःचे दोन्ही तळवे उलटून पाहिले.

"मेजरनी हातमोजे दिले होते," तो म्हणाला. "केसाळ. कोपरापर्यंतचे. तीन हिवाळे मी ते काढलेच नाहीत."

गोठलेलं लोखंड हात असा धरून ठेवतं, हे त्याला कधी माहीतच झालं नव्हतं. जे स्वतःला कधी सोसावं लागलं नाही, ते सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. सेलखडी तर थंडही नव्हती.

"हां," बंडू हसला. "मेजरचे! अपने पास तो मेजर था ही नहीं."

अंजनी उठून आत गेली. आतून बराच वेळ नुसता पोळपाटाचा आवाज येत राहिला.

दुपारी दोघं जेवायला बसले. अंजनीने भावाच्या ताटात चमचा ठेवला होता, तो त्याने बाजूला काढला. डाव्या हाताने तो पोळी तोडू लागला. अंगठा आणि करंगळीने दुसरं टोक धरायचा प्रयत्न करत होता. प्रत्येक ओढीला पितळी ताट फरशीवर जरा सरकत होतं. त्याने ते गुडघ्याने परत आणलं. पुन्हा सरकलं.

मुरलीधरने मान वर केली नाही. डावा हात पुढे करून त्याने बंडूच्या ताटाच्या काठावर दोन बोटं रोवून धरली, आणि उजव्या हाताने तो आपलं जेवत राहिला. बंडूचं जेवण संपेपर्यंत त्याने ती बोटं काढली नाहीत.