मुका लेप

पुष्पाबाईंनी दूर्वा आणि भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटले, त्यात गेरू कालवला आणि बोटानेच खूण केली, पाठ कर. हेमांगी पाठमोरी बसली, पदर खांद्यावरून उतरवला. बरगडीवर नागीण उठली होती. शिरपूरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, पण आग काही थांबत नव्हती. नागिणीचा लेप गावात एकट्या थोरल्या जावेला, पुष्पाअक्कांनाच येतो म्हटल्यावर करणार काय? नाक मुठीत धरून यावं लागलं.

जावाजावांत दोन वर्षं अबोला होता. हेमांगीच्या मुलाच्या, भूषणच्या लग्नात पहिली हळद लावायचा मान थोरल्या काकूचा. हेमांगीने तो आपल्या बहिणीला दिला. तेव्हा मोठी ऐट वाटली होती. आता ती आठवण जीव खात होती. माफी मागावी असं कितीदा तरी मनात आलं, पण जीभच उचलत नव्हती. म्हणून तर लेप लावताना बोलायचंच नाही, असा अक्कांचा निरोप थोरल्या दिरांनी आणला तेव्हा तिला हायसं वाटलं होतं.

"लेप मुका शे. एक शब्द निंघना का वाया जास."

दर रविवारी ती यायची, गुपचूप बसायची, गुपचूप जायची. फोडांवर खपल्या धरू लागल्या. अशात दूध डेअरीवर झुलाल आबा भेटले. तिच्या सासूबाईंनी, त्या होत्या तेव्हा, आबांची नागीण याच लेपाने बरी केली होती.

"मुका?" आबा खो खो हसले. "तुनी सासू तर लेप लावता लावता बठ्ठा गावन्या चुगल्या सांगे!"

घरी पोचेपर्यंत हेमांगीला सगळं उमगलं. तिला बोलायची पाळी येऊ नये, तिची लाज राहावी, म्हणून अक्कांनीच हा नियम काढला होता. चुलीपुढे बसून ती पोटभर रडली.

पुढच्या रविवारी खपल्या जवळजवळ गळाल्या होत्या. आजचा लेप लागला की झालं, मग यायला निमित्तही उरणार नव्हतं. पाठीवर थंडगार बोट फिरत होतं.

"अक्का," ती म्हणाली, "भूषणनी पहिली हळद तुमनीच व्हती. मनं चुकनं."

बोट थांबलं. पुष्पाबाईंनी ओला फडका घेतला आणि लावलेला सगळा लेप पुसून काढला.

"बोलनी ना शेवटी?" अक्कांनी तिचा पदर हलकेच खांद्यावर ओढून दिला. "गया लेप वाया. आते पुढला रविवारपाईन पहिलेपासून."

हेमांगीने झुलाल आबांचं नाव काढलं नाही.

"हाव, अक्का," एवढंच म्हणाली.