सगळ्यांना दिसलेलं पान

जावेदभाईंचा फोन आला तेव्हा रूथ नवापूरच्या बाजारात भाजी घेत होती. जावेदभाई नंदुरबारच्या मिरची बाजारात हमाली करायचे आणि रूथच्या रक्तदान गटातून बोलावलं की रक्त द्यायला धावत यायचे.

"ताई, तुमची वेबसाइट झकास झाली. यादी बघितली मी आता. एवढे पेशंट आहेत आपल्याकडे?"

"कुठली यादी? वेबसाइट अजून सुरूच नाही झाली, जावेदभाई."

"नाही कशी? मी आपल्या गटाचं नाव टाकलं अन् उघडली की."

रूथने भाजीची पिशवी तिथेच टेकवली आणि मोबाईलवर नाव टाकलं. पान उघडलं. हिरवी पट्टी, वर रक्ताच्या थेंबाचं चित्र, आणि खाली ओळीने माणसं. नाव, वय, गाव, फोन नंबर आणि शेवटच्या रकान्यात आजार: सिकलसेल. पहिलंच नाव तिच्या धाकट्या भावाचं होतं, शमुवेल. आणखी खाली मार्था. सोनीबाईंची मार्था.

ती पान खाली सरकवत राहिली, यादी संपेना.

हा गट तिने शमुवेलसाठीच उभा केला होता. त्याला रक्त चढवायची वेळ आली की धावाधाव व्हायची, म्हणून तिने आधी दाते जमवले, मग डोंगरातल्या गावागावांतले आजारी लोक जोडले. वेबसाइट हवी होती ती त्यांच्यासाठी. साध्या मोबाईलवर, रडतखडत चालणाऱ्या नेटवरसुद्धा उघडेल अशी. तयार थीम, म्हणजे पानांचे आयते साचे, जड पडायच्या, म्हणून खास बनवून घ्यायचं ठरलं. सुरतेचा मयंक तिला फेसबुकवर भेटला होता. गोड बोलायचा, मेसेजला लगेच उत्तर द्यायचा, लोकांनी त्याला भरभरून तारे दिले होते. "खरी माहिती द्या मॅडम, त्याशिवाय थीम कशी दिसते ते कळत नाही," असं तो म्हणाला. शमुवेल सलाईन लावून पडला होता आणि ती त्याच्या उशाशी बसली होती. तिथूनच तिने सगळ्या आजाऱ्यांची माहिती पाठवून दिली. रंग कुठला, अक्षर केवढं, हे तिने बारकाईने विचारलं. माहिती कुठे ठेवणार, कोणाला दिसणार, हे विचारायचं असतं हे तिच्या गावीही नव्हतं.

तिने मयंकला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

सोनीबाईंनी मार्थाचं नाव देताना तिचा हात धरला होता. "पोरीची जात आहे बाई. बाहेर फुटलं तर कोण करून घेईल तिला?" आणि आता मार्थाचं जमत आलं होतं. दानियलच्या घरचे येत्या रविवारी प्रार्थनेनंतर बोलणी पक्की करायला यायचे होते.

जावेदभाईंना तिने परत फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रडू नका. आमची अतिका घरी बसून वेबसाइटींचंच काम करते. मन्ही भाची शे. या तुम्ही, मी तिला सांगून ठेवतो."

नंदुरबारच्या गाडीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली, पण बाहेर तिचं लक्ष नव्हतं. जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. समोरची एक बाई स्क्रीनवर बोट फिरवता फिरवता शेजारणीला काहीतरी दाखवून हसली. हे लोक काय बघत असतील? डोंगरातलं कोणी असेल का यांच्यात? दानियलच्या गावचं? तिने स्वतःचा मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला, जणू तो बंद केला की सगळ्यांचेच बंद होतील.

अतिका तिच्याच वयाची निघाली. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ती सरळ कामालाच लागली.

"डोमेन कोणाच्या नावावर आहे?"

"म्हणजे?"

"वेबसाइटचं नाव. सातबारा असतो ना, तसं. ते तुझ्या नावावर असेल तर आपण कुलूप लावू शकतो. त्या माणसाच्या नावावर असेल तर मग तो सापडेपर्यंत हात चोळत बसायचं."

रूथला आठवेना. दोघींनी मिळून मेल चाळले. एक जुना मेल सापडला आणि अतिकाने सुस्कारा टाकला. नाव रूथचंच होतं. पण पासवर्ड मयंककडे. तो बदलायचा तर ओटीपी लागणार, आणि नोंदवलेला नंबर होता शमुवेलचा. रूथचा फोन दात्यांशी बोलण्यात सतत गुंतलेला, म्हणून तेव्हा त्याचा दिला होता.

शमुवेल घरी होता, आणि घरात रेंज धड येत नसे. कसाबसा फोन लागला.

"शमू, चर्चच्या ओट्यावर जा. मेसेज येईल, त्यातला आकडा सांग."

"आत्ता? गुडघे धरलेत गं सकाळपासून." मग तिचा श्वास ऐकून त्याने पुढे काही विचारलं नाही. "जातो."

ओटा चढावर होता. दुखणं असलं की त्याला अंगण ओलांडतानाही भिंत धरावी लागायची. रूथ फोन कानाला लावून बसली. त्याची चप्पल खरडल्याचा आवाज, मध्येच थांबणं, मग नुसतीच खरखर. एकीकडे ते पान उघडं होतं, दुसरीकडे हा चढ चढत होता. यातल्या कशाची भीती जास्त वाटते आहे, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

पहिला आकडा त्याने सांगितला तोवर मुदत संपली होती. अतिकाने दुसरा मागवला. शमुवेलने धापा टाकत एकेक अंक वाचला. अतिकाची बोटं चालली, आणि पान गेलं. पांढरा पडदा उरला.

"गेलं?"

"गेलं. गूगलवर त्याची सावली थोडे दिवस राहील, ती काढायचा अर्जही टाकते." अतिका पुढे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. "पण हे बघ. पान बऱ्याच जणांनी उघडलंय."

"कोणी?"

"नावं नाही कळत. नुसते नंबर दिसतात, तेही मशीनचे. यातली काही निव्वळ यंत्रं असतात, काही माणसं."

"म्हणजे कोणी पाहिलं ते कधीच कळणार नाही?"

"नाही." अतिका म्हणाली, "रूथ, ज्यांची नावं होती त्यांना तुलाच सांगावं लागेल. बाहेरून कानावर पडायच्या आत."

शनिवारी रूथ सोनीबाईंच्या अंगणात उभी राहिली. सोनीबाई नाचणी पाखडत होत्या. आपल्या डोंगरातल्या कोकणी बोलीत तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. सुपातली नाचणी तशीच राहिली.

मार्था दारात उभी राहून ऐकत होती. "माझं दुखणं तू परक्या माणसाला दिलंस," ती म्हणाली. "मला विचारलंस?"

"नाही."

"आईला विचारलंस. शमुवेलसाठी रक्त मागायला आमच्या दारात यायचीस. मला एकदाही विचारलं नाहीस."

सोनीबाई रडायला लागल्या. कसलं तरी निमित्त काढून उद्या पाहुण्यांना थांबवू, असं काहीबाही म्हणू लागल्या. मार्थाने आईच्या कमरेला खोचलेला मोबाईल ओढून घेतला.

"निमित्त कशाला? त्याला कोणी येऊन सांगायच्या आत मी सांगते."

अंगणाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली उभं राहून ती दानियलशी बोलली. शब्द ऐकू येत नव्हते. रूथला पळून जावंसं वाटत होतं, पण ती थांबली. बराच वेळ मार्था नुसती ऐकत होती. मग ती परत आली.

"त्याला काही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "उद्या कोणी येणार नाही. तो आधी स्वतःचं रक्त तपासून घेणार आहे. दोघांच्याही रक्तात असलं तर पोरांना हे दुखणं होतं ना."

रविवार रिकामा गेला. त्यानंतरचे दिवस रूथने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. घराघरांत जाऊन ती सांगत होती. कोणी शिव्या दिल्या, कोणी चहा दिला, वाहरूकाकांनी तर दारच लावून घेतलं. मयंकचा फोन आला तो याच दिवसांत. तो बहिणीच्या लग्नात होता. "मॅडम, डेमो होता तो. एवढं टेन्शन काय घ्यायचं?" रूथने त्याला माहितीच्या सगळ्या प्रती पुसायला लावल्या. त्याने खरंच पुसल्या की नाही, हे तिला आजही माहीत नाही.

नवी थीम अतिकाने केली. तिने खरं नाव एकही मागितलं नाही. नमुन्याला झाडांची नावं घातली, साग, मोह, पळस. पानावर आता कोणीच दिसत नाही, नुसता गटाचा नंबर दिसतो.

दानियलच्या रक्तात सिकलसेल निघालं नाही. त्याचे वडील कुरकुरले, पण तो हटला नाही. लग्न ठरलं. निमंत्रण द्यायला सोनीबाई एकट्याच आल्या.

"मार्था तुझ्याशी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तू ये. शमुवेललाही आण."

रूथ गेली. मांडवात ती कडेच्या पंगतीला बसली. नवरीने पंगतीत वाढायची रीत होती, तशी मार्था वाढत वाढत तिच्यापर्यंत आली आणि पानात भात घालून वर न बघता पुढे गेली. रूथ मान खाली घालून जेवू लागली.