पांढऱ्या फितीची झाडं

भाची सकाळपासून पानं मोजत होती आणि आत्या सकाळपासून तिची नजर चुकवत होती. एरवी आत्याच्या तोंडाला विश्रांती म्हणून नसे, पण आज ती शेडमध्ये धुतलेल्याच बादल्या पुन्हा धूत बसली होती.

आत्याच्या बागेत ऑलिव्हची बारा झाडं. सहांना हिरवी फीत, सहांना पांढरी. पानांवर गोल काळे डाग पाडून झाडं बोडकी करणाऱ्या बुरशीवर ओव्याचं तेल चालतं का, हे भाचीला दाखवून द्यायचं होतं. हिरव्या फितीला पाण्यात मिसळलेलं तेल, पांढऱ्या फितीला नुसतं पाणी. फवारणी आत्याकडे होती आणि डोळ्यांत तेल घालून सांभाळीन, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं. दोन्हींत फरक दिसला तरच प्रयोग पुढे चालणार होता, नाहीतर भाचीची तीन वर्षं पाण्यात.

फरक काही दिसेना. हिरव्या फितीची झाडं टवटवीत, पांढऱ्या फितीचीही टवटवीत. म्हणजे यंदा बुरशी आलीच नाही, तेलाचं श्रेय शून्य. भाची अगदी रडकुंडीला आली. पाचव्या पांढऱ्या झाडाचं एक पान तिनं चिडून चुरगाळलं, तोच हाताला ओव्याचा वास आला. मागे जाऊन तिनं चौथ्याचं पान चुरगाळलं. तोच वास.

"आत्या, पांढऱ्या फितींना तू काय फवारलंस?"

"पाणीच की."

"नुसतं?"

आत्यानं बादली खाली ठेवली. "थोडं तेल पडलं असेल त्यात. तू दिलेल्या मापानंच हं, मी काही अडाणी नाही." मग तिला राहवेना. "बाराही झाडं मी या हातांनी लावलीत. सहांना औषध द्यायचं आणि सहांच्या तोंडाला पानं पुसायची? माझ्याच्यानं नाही झालं गं ते."

भाचीला खरं तर संताप यायला हवा होता, पण आत्याचा ओशाळलेला चेहरा बघून तिला हसूच फुटलं. "सगळ्या सहांना घातलंस?"

"पाचांना. ते शेवटचं, कुंपणाकडचं, त्याचं नाव काढू नकोस. त्याच्यापायी मी शिडीवरून पडले, मनगट मोडून घेतलं. म्हटलं, बस पाण्यावर."

भाची धावतच कुंपणाकडे गेली; तिथवर तिची मोजणी अजून पोचलीच नव्हती. ते झाड जवळजवळ बोडकं झालं होतं, उरलेलं पानन् पान डागाळलेलं. बुरशी आली होती तर! तेल मिळालेल्या अकरा झाडांना मात्र बुरशीनं शिवलंही नव्हतं. भाचीनं त्या बिचाऱ्या झाडाला चक्क मिठी मारली.

भाची जिथे काम करायची त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, शिडीचा भाग तर दोनदा. "एका झाडावरून निकाल देता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण आणखी एक वर्ष देता येईल. या खेपेला आत्यांना दया येणार नाही अशी सहा झाडं निवडा."

दुपारी आत्या पांढऱ्या फिती घेऊन बागेत न्यायनिवाडा करत फिरली. एकाच्या मुळाशी तिला ठेच लागली होती. एक दरवर्षी आपली फळं भिंतीपलीकडे शेजारणीच्या अंगणात टाकायचं. तिसरं कामचुकार, चौथं हट्टी, पाचवं उगाचच वाकडं वाढलेलं. एक फीत उरली तेव्हा दोघी कुंपणाकडच्या झाडापाशी येऊन ठेपल्या.

"याचा गुन्हा तर सगळ्यात मोठा," भाची म्हणाली.

आत्यानं मनगट चोळलं. "नको. याची शिक्षा भोगून झाली."

तिनं त्याला हिरवी फीत बांधली, मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी असलेल्या आपल्या सगळ्यात लाडक्या झाडाकडे गेली आणि उरलेली पांढरी फीत त्याच्या गळ्यात घातली. "तू समजूतदार आहेस," ती त्याला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मग तिनं शेडमधून तेलाची बाटली आणून भाचीच्या हातात दिली.

"ही तू घरी घेऊन जा. फवारायलाही तूच येत जा. माझा मला भरवसा नाही."