जाऊबाईंची पाठ आणि विमानसेवा

आमच्या गावाला विमानतळ होता, विमान तेवढं नव्हतं. त्या धावपट्टीवर निम्मं गाव गाडी चालवायला शिकलं. उरलेलं निम्मं संध्याकाळी तिथे पाय मोकळे करायला जायचं आणि पहिल्या निम्म्यापासून जीव वाचवून घरी यायचं. अशा सगळ्यांच्या सोयीच्या जागेवर विमान उतरवायचं खूळ आमच्या मोठ्या भाऊजींच्या डोक्यात शिरलं.

मोठे भाऊजी म्हणजे माझ्या जाऊबाईंचे यजमान. निवृत्त मुख्याध्यापक आणि विमानसेवा कृती समितीचे अध्यक्ष. आम्ही सगळे एकाच घरात राहतो, त्यामुळे त्यांची भाषणं मला आधी घरी आणि मग सभेत, अशी दोनदा ऐकायला मिळत. मुद्दे पुष्कळ असत, पण टाळ्या घेणारा एकच.

"माझ्याच घरात एक बाई आहे," भाऊजी आवाज खाली आणून म्हणत. "मणका गेलेला. एकुलती एक लेक शहरात. नात रांगायला लागली, पण या बाईनं अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. कारण रात्रभराची बस त्या पाठीला सोसत नाही. अशा बाईला बसच्या भाड्यात विमान मिळायला हवं की नको?"

हवं, असं सगळे म्हणत. जाऊबाई मागच्या रांगेत पाठीला उशी लावून बसलेल्या असत. सभा संपली की बायका येऊन पाठीची विचारपूस करत. गावात त्यांच्या पाठीला जेवढा मान होता, तेवढा त्यांना स्वतःला कधी मिळाला नाही.

भाऊजींच्या चिकाटीला खरंच यश आलं. एक विमान कंपनी राजी झाली. विमान छोटं, भाडं बसपेक्षा जरासंच जास्त. अट एकच: विमान भरलं तर राहील, रिकामं गेलं तर बंद.

त्या संध्याकाळी समिती आमच्या घरी जमली. मी चहा घेऊन गेले तेव्हा भाऊजी म्हणत होते, "पहिल्याच विमानानं हिला पाठवतो."

"अध्यक्ष, पहिल्याच फेरीत घरचं माणूस?" वकीलसाहेब म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"आणि एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये," दातांचे डॉक्टर म्हणाले. "अशा वेळी लोकांवर विसंबून कसं चालेल?"

लोकांसाठी आणलेलं विमान लोकांवर सोडायचं नाही, हे सर्वांनाच पटलं. समितीनं पाळ्या लावल्या. सकाळच्या विमानानं जायचं, शहरातल्या विमानतळावर खुर्च्यांवर बसायचं, घरून नेलेला चहा प्यायचा आणि दुपारी त्याच विमानानं परत यायचं. बाहेर पडायचं नाही, कारण बाहेर टॅक्सीला पैसे पडतात. डॉक्टर इतक्यांदा जाऊन आले की तिथल्या सफाई कामगारांना नावानं हाक मारत. शहर मात्र त्यांनी पाहिलं नाही. अध्यक्ष या नात्यानं भाऊजींची पाळी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा येई. त्याग कुणीतरी करायलाच हवा.

जाऊबाईंची बॅग भरलेली असायची.

"अहो, उद्याच्यात आहे का जागा?"

"उद्या समितीतल्या प्राचार्यांना शब्द दिलाय. तू काय, घरचीच आहेस. पुढच्या वेळी."

लेकीचा फोन आला की जाऊबाई तिला समजावत. "येते गं. तुझ्या बाबांनी विमान आणलंय ना."

"मग बस ना त्यात, आई. पोरगी पावलं टाकायला लागली."

"भरलेलं असतं गं नेहमी." हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही असायचा. इतका भोळेपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

मग एक दिवस कंपनीच्या मॅडम आल्या. विमानतळावरच सत्कार ठरला, म्हणून त्या दिवशी कुणी पाळी घेतली नव्हती. भाषणात दाखवायला उदाहरण समोर हवं, तेव्हा जाऊबाईंनाही बोलावणं होतं.

"बॅग कशाला घेतलीस?" भाऊजींनी विचारलं.

"विमानतळावर जायचं म्हणालात ना," जाऊबाई म्हणाल्या.

मॅडमनी सत्कार घेतला आणि आनंदाची बातमी दिली. या गावाचं विमान पहिल्या दिवसापासून भरून जातंय. एवढी गर्दी म्हणजे इथल्या लोकांना भाडं परवडतंय. त्यामुळे आजपासून भाडं दुप्पट.

वकीलसाहेबांनी टाळ्यांसाठी उचललेले हात हळूच खाली घेतले.

"पण एक नवल वाटतं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडून आजवर एकाही प्रवाशानं सामान दिलेलं नाही. सगळे मोकळ्या हातानं जातात. असो, आजच्या विमानात जागा आहेत. चला माझ्याबरोबर, नव्या भाड्याचा शुभारंभ करू."

प्राचार्यांना कॉलेजातली बैठक आठवली. डॉक्टरांना कुणाची तरी दाढ आठवली. भाऊजी पंख्याकडे बघू लागले. जाऊबाई उठल्या, उशी काखेत घेतली आणि काउंटरवर गेल्या.

"अगं, दुप्पट आहे आता," भाऊजी मागून म्हणाले.

"अहो, निम्मं होतं तेव्हा तुम्हीच जात होतात. आणि हे माझे शिलाईचे पैसे आहेत."

काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं विचारलं, "परतीचं दुपारचंच ना?"

"परतीचं नको."

मुलीनं बॅगेकडे पाहिलं. सामानाला लावायच्या चिठ्ठ्यांचं बंडल कुठल्यातरी खणात होतं, ते शोधायला तिला वेळ लागला. त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून फाडलेला नव्हता.

जाऊबाई गेल्या. पुढची विमानं रिकामीच गेली, आणि रिकामी गेली म्हणून भाडं उतरलं. समितीनं तातडीची बैठक बोलावली. पुन्हा पाळ्या लावाव्यात, असं बहुतेकांचं मत पडलं. भाऊजी त्या बैठकीतून मधेच उठले. घरी आले आणि त्यांनी जाऊबाईंना फोन लावला. मी तिथेच भाजी निवडत होते. फोनचा आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय आहे, तेव्हा मी कान देऊन ऐकलं असं कुणी म्हणू नये.

"कधी येतेस?"

"बघू. पोरगी सोडत नाही. खाली ठेवली की रडते."

"पाठ?"

"आहे जागेवर. तासाभराचा तर प्रवास. आणि विमानतळापासून घर किती जवळ आहे, अहो. जावईबापू घ्यायला आले, चहा निवायच्या आत पोचलो."

भाऊजी पुन्हा पंख्याकडे बघू लागले.

"ऐकताय ना?"

"मी तिथवर येऊन परत फिरत होतो, हे लेकीला सांगितलंस?"

पलीकडे बाळाचं काहीतरी बडबडणं ऐकू आलं. मग जाऊबाई म्हणाल्या, "नाही सांगितलं. तुम्हीच सांगा, येऊन."

भाऊजींनी फोन ठेवला. एकही मुद्दा मांडला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती मोठी बॅग माळ्यावरच आहे ना?"