सर खुर्चीवरून उठले तेव्हा

मी एक जुनी खुर्ची आहे. प्लॅस्टिकची, एके काळी पांढरीशुभ्र, आता मळकट पिवळी. मित्रांनो, एवढं वाचून तुमच्या तोंडून 'अरेरे' निघालं असेल तर ते आधी गिळा. माझी कीव केलेली मला खपत नाही. ज्या माणसाची गोष्ट मी सांगणार आहे, त्याला तर मुळीच खपत नाही.

माझा जन्म शारजातल्या एका कारखान्यात झाला. पातळ, गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं, साचा उघडला आणि मी बाहेर पडले. तिथून माझी रवानगी दुबईतल्या अल कुसैसच्या एका कॅफेटेरियासमोरच्या फुटपाथवर झाली. कडक, दुधाळ करक चहा प्यायला येणारे टॅक्सीवाले, साइटवरचे कामगार, मुलांच्या स्कूलबसची वाट बघणाऱ्या बायका, सगळ्यांची वजनं मी सहा वर्षं मुकाट झेलली. 'खुर्ची बरी आहे हां,' असं कुणीतरी म्हणायचं आणि मला बरं वाटायचं. मग उन्हाने माझ्या बैठकीला चीर गेली. त्या चिरेत बसणाऱ्याची कातडी सापडायची आणि तो 'आई गं!' करून उडायचा. मालकाने मला कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं आणि हात झटकून तो निघून गेला. सहा वर्षांची चाकरी, पण वळूनसुद्धा पाहिलं नाही. न बघेना का!

तिथून मला नोमान सरांनी उचललं. नोमान मुकादम, मूळचे दापोलीकडचे. दिवसा एका एसी कंपनीत सुपरवायझर, आणि संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच. त्यांनी माझ्या चिरेवर टॉवेलची घडी घातली, बसून पाहिलं आणि म्हणाले, "चालेल. मजबूत आहे." त्या दिवसापासून माझा मुक्काम त्यांच्या गाडीच्या डिकीत.

कॉलेज लहान आणि टीम त्याहून लहान. पाच वर्षांत आम्ही एकदाही फायनल पाहिली नव्हती. मुलं इथेच जन्मलेली, आईबापांशीसुद्धा इंग्लिशमध्ये बोलणारी. "सर, इट्स टू हॉट," असं कॅप्टन तनिष रोज एकदा तरी म्हणायचा. "हॉट तर समोरच्या टीमलापण आहे ना, हबीबी? यल्ला, चला, अजून दोन राउंड," हे सरांचं ठरलेलं उत्तर. पोरं कुरकुरायची, पण पळायची.

आमचे फॅन मात्र मोठ्या टीमलाही लाजवतील असे. अल कुसैसमधली निम्मी मराठी कुटुंबं मॅचला यायची. ढोल, ताशा, झांजा, डबाभर बटाटेवडे, सगळा लवाजमा. ढोल वाजायला लागला की सरांचं ओरडणं लाइनच्या पलीकडे पोचायचं नाही. ढोल बंद करा म्हणायची कुणाची छाती? तेव्हा सरांनी मुलांशी एक खूण ठरवली. सर खुर्चीवर बसलेले असतील तर हल्ला करत राहायचं. सर उठून उभे राहिले की सगळ्यांनी मागे येऊन गोल सांभाळायचा. सरळ, सोपं.

म्हणून सर पूर्ण मॅच माझ्यावर खिळल्यासारखे बसून असायचे. माझे हात ते असे गच्च धरायचे की मला वाटायचं, आता उपटून घेतात. लोकांना यातलं काय कळणार? 'आपला कोच बघा, साहेबासारखा बसलेला असतो,' म्हणून ते नाकं मुरडायचे. मला एवढा राग यायचा! पण खुर्चीला तोंड नसतं.

अशा बसून राहणाऱ्या माणसाने टीमला त्या वर्षी फायनलला नेलं.

फायनलच्या दिवशी आम्ही एक गोलने पुढे होतो. वीस मिनिटं उरली होती. सर बसलेले, मुलं पुढे झेपावत होती, ढोल नुसता घुमत होता. तेवढ्यात बाबाजी तांडेल आले.

बाबाजी म्हणजे आमचे सगळ्यात जुने फॅन. वय चौऱ्याहत्तर. बर दुबईच्या मीना बाजारात कापडाच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं काढली, आता मुलाकडे राहतात. अल कुसैसमध्ये लहानथोर सगळे त्यांना काका म्हणतात. त्या दिवशी मेट्रो बदलून, बस पकडून, गेटपासून उन्हात चालत ते काठी टेकत थेट आमच्यापाशी येऊन उभे राहिले. चेहरा लालबुंद, श्वास लागलेला.

आणि नोमान सर उठले.

मित्रांनो, वडीलधारं माणूस समोर उभं असताना बसून राहायचं नाही, हे सरांच्या हाडात मुरलेलं. डोक्याने ठरवायच्या आधीच पाय उठले. "या काका, बसा, बसा," म्हणत त्यांनी बाबाजींना हाताला धरून माझ्यावर बसवलं. मग मैदानाकडे पाठ करून कूलरमधून पाणी भरायला वाकले.

मी जीव तोडून ओरडत होते, अहो सर, बसा! कुठेही बसा, पण बसा! कुणाला ऐकू जाणार? मैदानावर तनिषने सर उभे राहिलेले पाहिले आणि हात वर केला. अकराच्या अकरा पोरं मागे येऊन गोलसमोर गोळा झाली. समोरच्या टीमला रान मोकळं मिळालं.

"अरे, मागे काय पळताय? घाबरट लेकाचे! कोणी सांगितलं यांना मागे यायला?" बाबाजी माझ्यावर बसून काठी आपटत होते. टॉवेलची घडी सरकली होती; मला एवढा संताप आला की मी चीर उघडली आणि त्यांना कडकडून चिमटा काढला. हो, मुद्दाम! "आई गं! काय भिकार खुर्ची आहे!" बाबाजी ओरडले, आणि त्याच क्षणी आमच्यावर पहिला गोल बसला.

सर गर्रकन वळले. पोरं कुठे उभी आहेत ते त्यांनी पाहिलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून ते तिथेच वाळूत मटकन खाली बसले. पण समोर जाहिरातींचे बोर्ड होते. वाळूत बसलेला माणूस मैदानातून दिसणार कसा? पाच मिनिटांत दुसरा गोल झाला. आम्ही हरलो.

सर वाळूत बसल्याचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता. 'कोच बसला!' असं लिहून तो व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. लोकांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. डरपोक कोच, जिंकलेली मॅच घालवली, हाकला याला. सगळ्यात मोठा आवाज बाबाजींचा. पंधरा दिवसांत कॉलेजचं पत्र आलं की पुढच्या वर्षी आपली गरज नाही. खलास.

ते पत्र सरांनी डिकी उघडी ठेवून माझ्यासमोर वाचलं. त्यांना दुसरी नोकरी होती, उपाशी मरायची वेळ नव्हती. पण ती टीम म्हणजे त्यांचा जीव होता. सर रडले नाहीत, मीही रडले नाही. त्यांनी माझ्या टॉवेलची घडी नीट केली आणि डिकी लावून टाकली. उन्हाळाभर मी त्या काळोखात भाजत पडले होते. काका आले म्हणून उठलो, एवढं एक वाक्य सर बोलले असते तर सगळे गप्प झाले असते. पण त्या वाक्याने पराभवाचं खापर बाबाजींच्या डोक्यावर फुटलं असतं. तनिषला आणि पोरांना सगळं माहीत होतं. त्यांनाही सरांनी बजावलं होतं, "काकांचं नाव काढायचं नाही. चूक माझी आहे."

ऑगस्टमध्ये एका शनिवारी दुपारी तनिषच्या आईने, सोनमने, तिच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये मीटिंग बोलावली. कॉलेजला पत्र लिहून नोमान सरांना परत घ्या म्हणायचं की नाही, हे ठरवायचं होतं. हॉलमध्ये खुर्च्या कमी, म्हणून सर मलाच घेऊन आले. एका कोपऱ्यात मी, माझ्यावर सर, आणि समोर चाळीस माणसं त्यांच्याचबद्दल बोलत होती.

"चूक केली ती केली, पण माणूस वाईट नाही," एक जण म्हणाला.

"सिम्पथी वेगळी आणि रिझल्ट वेगळा," दुसऱ्याने त्याला अडवलं. "पोरांचं वर्ष वाया गेलं. आपण का वाईट वाटून घ्यायचं?"

सर मान खाली घालून ऐकत होते. माझे हात त्यांनी गच्च धरले होते.

तेवढ्यात दार उघडलं आणि काठी टेकत बाबाजी आत आले. आणि काय सांगू तुम्हाला, सर पुन्हा उठले! ज्यांनी त्यांना गावभर डरपोक म्हटलं, त्यांच्यासाठी ते ताडकन उठले. "या काका. बसा."

"देअर!" तनिष किंचाळला. "ममा, लुक! दॅट्स एक्झॅक्टली हाऊ इट हॅपन्ड!"

"तनिष, गप्प बस," सर म्हणाले.

"नो सर, सॉरी. आय वोन्ट." आणि त्या पोराने खूण, पाणी, वाळूत बसणं, सगळं घडाघडा सांगून टाकलं. एकेका वाक्याला लोकांच्या माना खाली जात होत्या. बाबाजी माझ्यापासून दोन पावलांवर थांबले होते. ते माझ्याकडे बघत होते. मीही बघत होते.

"म्हणजे त्यांना मागे यायला मीच सांगितलं," ते हळूच म्हणाले.

"नाही काका," सर म्हणाले.

"बिचारे नोमान सर," मागून एक बाई हळहळल्या. मग सगळीकडून तेच सुरू झालं. बिचारे सर, किती सोसलं, किती साधा माणूस. सोनमने लॅपटॉप ओढला. "मी लिहिते, सिम्पथी ग्राउंडवर त्यांना परत घ्यावं."

"तो शब्द काढा," सर म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सोनमने लॅपटॉपवरून मान वर केली. "खूण मी ठरवली होती आणि मीच ती विसरलो. काका आले म्हणून उठलो, त्याची मला लाज नाही. पण उठताना पोरांकडे पाहिलं नाही, ही कोचची चूक आहे. शिव्या द्या, ऐकून घेईन. बिचारा म्हणू नका. पत्रात लिहायचंच असेल तर लिहा, हा माणूस चुकला, चूक काय ते त्याला कळलंय, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ही टीम फायनलला गेली ती याच्यामुळे."

शाब्बास! मला पाय आपटावेसे वाटले. सोनमने तसंच लिहिलं. पहिली सही बाबाजींनी केली. कॉलेजने सरांना आणखी एक वर्ष दिलं.

तनिष म्हणाला, "सर, सिग्नल चेंज करू या." सर म्हणाले, "सिग्नल बरोबर होता. मी चुकलो होतो."

ऑक्टोबरमध्ये पहिली मॅच होती. आम्ही पुन्हा एक गोलने पुढे, सर माझ्यावर, ढोल जोरात. आणि बाबाजी पुन्हा उशिरा! काठीचा आवाज आला तसं सरांचं वजन माझ्यावरून हललं. पण मागून एक सुरकुतलेला हात आला आणि सरांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवून गेला.

"बस. उठलास तर माझ्याशी गाठ आहे."

"पण काका, तुम्ही उभे..."

"चाळीस वर्षं उभाच होतो दुकानात. कापड दाखवायला कोण बसतं? तू पुढे बघ."

तो म्हातारा शेवटपर्यंत काठीवर उभा राहिला. मॅच बरोबरीत सुटली. मग त्याने सरांना सगळ्यांसमोर झापलं, "सतरा नंबरला एवढ्या उशिरा का उतरवलास?" सरही तावातावाने बोलले. दोघे दहा मिनिटं भांडत होते, आणि मला फार छान वाटत होतं.

मित्रांनो, तुमच्याही मैदानावर असा कुणी हरलेला माणूस असेल. त्याच्यावर ओरडा, त्याची चूक तोंडावर सांगा, तो तुमचा हक्क आहे. पण आधी तो का उठला होता ते त्याला विचारा. आणि विचारून झाल्यावर त्याची कीव करत घरी बसू नका, पुढच्या मॅचला या.

भांडण संपल्यावर सर उठले. टॉवेल घामाने भिजला होता, तो त्यांनी काढून घेतला आणि म्हणाले, "मॅच संपली, काका. आता तरी बसा." बाबाजी माझ्यावर अंग सोडून बसले. मी माझी चीर घट्ट मिटून धरली.